प्रौढ कान आणि चिनी सूर

(कळमेश्वर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी चालते. म्हणून शिकण्याविषयीच बोलावे, असे मी ठरवले. मुलांच्या शिकण्याविषयी आपण बारा महिने बोलतो. आज मला बोलायचे आहे ते मोठ्या माणसांच्या शिकण्याविषयी, त्यातही परकी भाषा शिकण्याविषयी. 'आता या वयात कुठली भाषा येणार?' हे वाक्य आपल्याकडे सहज बोलले जाते आणि ऐकणाऱ्याला ते पटतेही. गेल्या काही दशकांत मेंदूच्या अभ्यासकांनी या वाक्याची कसून तपासणी केली आहे. त्याच्या कितीतरी आधी आपल्यातल्याच एका माणसाने ते जगून खोटे ठरवले होते. या दोन्ही गोष्टी आज आपल्यासमोर मांडतो.

१९३८ सालची गोष्ट. चीनवर जपानने आक्रमण केले होते. चिनी सेनानी चु द यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. १ सप्टेंबरला पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल त्याचे प्रमुख होते. कोलकात्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर हे बाकीचे चौघे. कोटणिसांचे नाव व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे घरोघरी पोचले. चोळकरांचे नाव मात्र नागपूर जिल्ह्यातही फारसे घेतले जात नाही. ते आज इथे घेताना मला समाधान वाटते.

कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. सोलापुरात जन्म आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण. १९३९ च्या सुरुवातीला पथक येनानला पोचले. पुढे तिघे सहकारी मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू राहिले. उत्तर चीनच्या आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करत कोटणिसांचे दिवस गेले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तिथल्या वैद्यकशाळेत ते शिकवत आणि शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहिण्याचे कामही त्यांनी हाती घेतले होते. परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांची त्यांच्याशी ओळख झाली, तेव्हा हा भारतीय डॉक्टर चिनी बोलतो आणि थोडेबहुत लिहितोही, याचे त्यांना फार नवल वाटले. डिसेंबर १९४१ मध्ये दोघांचे लग्न झाले. वर्षभरातच, ९ डिसेंबर १९४२ ला, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणिसांचा मृत्यू झाला. वय अवघे बत्तीस.

भाषा न येता पोचल्यापासून त्या भाषेत रुग्णालय चालवण्यापर्यंतचा हा प्रवास चार वर्षांचाही नाही. आपण त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक होतो आणि ते योग्यच आहे. पण या शिकण्याकडे आपण कधी नीट पाहिले नाही. चिनी भाषा प्रौढ कानाला किती अवघड जाते हे समजून घेतले, की त्याचे मोल कळते.

चिनी भाषेच्या प्रमाण रूपाला मँडरिन म्हणतात. तिच्यात जवळजवळ प्रत्येक अक्षराला सूर असतो आणि तो बदलला की शब्दच बदलतो. डॉक्टरला रोज लागणारे एकच अक्षर घेऊ : याओ. ते वरच्या पट्टीत सपाट, न हलवता म्हटले तर अर्थ होतो कंबर. आवाज खालून वर चढवत नेला तर हलवणे. खाली दाबून किंचित वर उचलला तर चावणे. वरून झटकन खाली सोडला तर औषध. रुग्ण कंबर धरून आला आहे, की त्याला काही चावले आहे, की तो औषध मागतो आहे, हे व्यंजनातून कळत नाही, स्वरातूनही कळत नाही. ते कळते आवाजाच्या चढउतारातून, आणि तोही सेकंदाच्या एका छोट्या तुकड्यात. च्याओ युआनरन नावाच्या मोठ्या चिनी भाषाशास्त्रज्ञाने, जो स्वतः संगीतरचनाकारही होता, १९३० मध्ये हे सूर लिहिण्यासाठी पाच पायऱ्यांची मोजपट्टी सुचवली. पहिला सूर पाच-पाच, दुसरा तीन-पाच, तिसरा दोन-एक-चार, चौथा पाच-एक. या पायऱ्या बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे सरकतात. पुरुषाचा पाच हा बाईच्या दोनपेक्षाही खाली असू शकतो. प्रत्येक गवयाचा षड्ज वेगळा असतो, तरी राग तोच राहतो. तसेच इथेही ऐकणाऱ्याला आधी समोरच्याचा षड्ज ओळखावा लागतो.

आवाजाचा चढउतार आपणही वापरतो. 'बरं' हा शब्दच पाहा. सरळ म्हटला तर होकार. शेवटी वर नेला तर 'पुढे काय?' असा प्रश्न. लांबवून खाली आणला तर नाइलाज. तोडून म्हटला तर राग. पण या चारही वेळा शब्द 'बरं' हाच राहतो. बदलतो तो भाव. मराठीत आणि इंग्रजीत सूर हे वाक्याचे आणि मनाचे काम करतो. मँडरिनमध्ये तो शब्दाचे काम करतो. म्हणून इंग्रजी बोलणारा प्रौढ माणूस चढता सूर ऐकतो तेव्हा त्याला प्रश्न ऐकू येतो, उतरता सूर ऐकतो तेव्हा हुकूम. त्याच्या कानात काहीही दोष नसतो. जन्मभर ज्या कामासाठी सूर वापरला, त्याच कामासाठी त्याचा मेंदू तो ऐकत असतो.

आपल्या परंपरेला सुराचे हे सामर्थ्य ठाऊक होते. वैदिक भाषेत उदात्त, अनुदात्त आणि स्वरित असे तीन स्वर होते आणि पाणिनीने त्यांचे नियम बांधून दिले. त्वष्ट्याची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ मांडला. पण 'इंद्रशत्रु' या समासातला उदात्त शेवटच्या अक्षरावर हवा होता, तो पहिल्यावर पडला. इंद्राला मारणारा, असा अर्थ हवा होता. झाला तो इंद्र ज्याला मारील असा. वृत्र नावाचा पुत्र जन्मला आणि इंद्राच्या हातून मेला. सूर चुकला तर अर्थ फिरतो, हे सांगण्यासाठी आपले वैयाकरण ही कथा शेकडो वर्षे देत आले. आज भारतात पंजाबी, मिझो, मणिपुरी या भाषांत सुराने शब्दभेद होतो. मराठीत तो राहिलेला नाही.

आता मेंदूत काय घडते ते पाहू. बहुतेक माणसांत भाषेचे बरेचसे काम मेंदूचा डावा अर्धा भाग करतो आणि चालीच्या सुराकडे उजवा अर्धा जास्त लक्ष देतो. १९७३ मध्ये डायना व्हॅन लँकर आणि व्हिक्टोरिया फ्रॉमकिन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी थाई भाषेवर एक प्रयोग केला. थाई भाषाही सुरांची. दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे शब्द ऐकवायचे आणि कोणत्या कानाने नीट ऐकले ते पाहायचे. उजवा कान जिंकला तर काम मुख्यतः डावा मेंदू करतो असे समजायचे. थाई माणसांचा उजवा कान थाई सुरांसाठी जिंकला. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. आवाज तोच, कानात शिरणारी हवेची लहर तीच. पण एकाच्या मेंदूने ती भाषा म्हणून घेतली आणि दुसऱ्याच्या मेंदूने नुसता आवाज म्हणून.

ही वाटणी फार लवकर होते. १९८४ मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात तान्ह्या मुलांवर केलेला प्रयोग आपल्याला जवळचा वाटेल, कारण त्यातले आवाज आपले आहेत. आईच्या मांडीवर बाळ बसले आहे. ध्वनिवर्धकातून 'टा, टा, टा' असा आवाज येत राहतो. मध्येच तो 'ता' होतो आणि त्याच वेळी बाजूच्या पेटीत एक खेळणे उजळून हलू लागते. हे दोन-चारदा झाले की बाळ 'ता' ऐकताच खेळण्याच्या आशेने मान वळवते. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे अशी मान वळवत होती. दहा-बारा महिन्यांची मात्र क्वचितच एखादे. इंग्रजीत ट आणि त असा भेद नाही, म्हणून वर्षभराच्या आत मेंदूने त्याकडे लक्ष देणे सोडले. सुरांच्या बाबतीत ही घसरण आणखी लवकर, सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान दिसते. चिनी घरातल्या बाळांत ती दिसत नाही.

इथवरचे ऐकले की 'या वयात कुठली भाषा' हे वाक्य खरे वाटू लागते. बरीच वर्षे अनेक शास्त्रज्ञांनाही असेच वाटत होते, की बालपणी दार बंद होते आणि मग ते उघडत नाही. पुढच्या प्रयोगांनी हे चित्र बदलले.

१९९९ मध्ये युए वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँडरिन शिकणाऱ्या अमेरिकी तरुणांना दोन आठवडे फक्त सूर ऐकवले. एकूण आठ बैठका. शब्द ऐकायचा, चारपैकी कोणता सूर ते सांगायचे आणि बरोबर की चूक ते लगेच कळायचे. शब्द खरे होते आणि ते बोलणारी माणसे वेगवेगळी होती. सुरुवातीला शंभरातले सुमारे ६९ सूर ओळखता येत होते. दोन आठवड्यांनंतर सुमारे ९०. पूर्वी न ऐकलेले शब्द आणि अनोळखी आवाज दिले, तरी सुधारणा टिकली. सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हाही होती. मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते पुढचे. या मुलांना बोलण्याचा सराव मुळीच दिला नव्हता, तरी त्यांचे उच्चारही सुधारले. कान तयार झाला आणि त्याच्यामागून जीभ आली.

मग याच प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर सहा जणांच्या मेंदूची चित्रे घेतली गेली. चुंबकीय यंत्राने मेंदूचा कोणता भाग काम करताना जास्त रक्त ओढतो, ते त्यांत दिसते. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. बोलणे समजून घेणारा डाव्या कानशिलामागचा जो भाग असतो, त्यातले काम पसरले होते. त्याला लागून असलेला एक भाग नव्याने कामाला लागला होता आणि उजव्या बाजूला कपाळामागचा एक भागही. सहा माणसे म्हणजे फार थोडी, हे खरे. म्हणून पुढच्या संशोधकांनी हाच प्रश्न पुन्हा पुन्हा तपासला.

पॅट्रिक वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना अठरा कृत्रिम शब्द शिकवले. सहा अक्षरे, प्रत्येकाचे तीन सूर, प्रत्येक शब्दाला एक चित्र. काही जण लवकर शिकले, काही मागे राहिले. जे शिकले त्यांच्या मेंदूत डाव्या बाजूचा तोच कानामागचा भाग नेमकेपणाने काम करू लागला होता. जे मागे राहिले त्यांचा मेंदू आळशी होता असे नाही. उलट त्यांचे काम उजव्या बाजूला आणि कपाळामागे दूरवर पसरले होते; ते अधिक कष्ट करत होते. शिक्षक मंडळींनी हे लक्षात ठेवावे. वर्गात मागे पडणारा विद्यार्थी कित्येकदा पुढच्यापेक्षा जास्त शक्ती खर्च करत असतो. पुढच्या वर्षी याच गटाला आढळले, की लवकर शिकणाऱ्यांत डाव्या बाजूचा हेशलचा घडीदार भाग, जिथे आवाज प्रथम मेंदूच्या सालीवर पोचतो, तो मुळातच मोठा होता. म्हणजे सगळ्यांची सुरुवात सारखी नसते. मात्र सुरुवात कुठून होते आणि मजल कुठवर जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

याहून खोल जाणारा शोध मेंदूच्या देठात लागला. कानातून निघालेला संदेश सालीकडे जाण्याआधी मानेच्या वर असलेल्या या जुन्या भागातून जातो. डोक्यावर छोटे विद्युतपट्टे लावले, तर तिथली लहर टिपता येते आणि ती ऐकलेल्या सुराचा चढउतार जवळजवळ जसाच्या तसा गिरवते. जन्मापासून मँडरिन बोलणाऱ्यांत ही लहर सुराला अधिक घट्ट धरून चालते, असे अनंतनारायण कृष्णन आणि जॅक्सन गँडूर यांनी २००५ मध्ये दाखवले. २००७ मध्ये नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की ज्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी संगीताचे शिक्षण घेतले आहे, त्यांचाही देठ चिनी सूर अधिक चोख गिरवतो, जरी त्यांना चिनीचा एक शब्द येत नसला. आणि २००८ मध्ये त्याच प्रयोगशाळेत, साध्या प्रौढांना आठ बैठका दिल्यावर तिसरा, सर्वात वळणदार सूर त्यांच्या देठात अधिक स्पष्ट उमटू लागला. हा भाग जन्मतः ठरलेला असतो, तो बदलत नाही, असे पूर्वी मानले जाई. शिकण्याचा परिणाम तिथवर पोचतो.

मेंदूची रचनाही बदलते. अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात नऊ महिने चिनी शिकणाऱ्या अकरा जणांच्या मेंदूची चित्रे अधूनमधून घेतली गेली आणि न शिकणाऱ्या सोळा जणांशी ताडून पाहिली. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणारे जे पांढरे तंतू असतात, त्यांच्यावर विजेच्या तारेसारखे आवरण असते आणि ते जाड झाले की संदेश वेगाने जातो. शिकणाऱ्यांत या तंतूंचे गुणधर्म हळूहळू बदलत गेले. हा बदल डाव्या बाजूच्या भाषेच्या भागांत होता, उजव्या बाजूच्या त्यांच्या जोडीदारांत होता आणि दोन्ही अर्ध्यांना जोडणाऱ्या सेतूतही होता.

श्रोतेहो, कोटणिसांच्या काळी अशी यंत्रे नव्हती. पण त्यांचे जगणे या प्रयोगांशी ताडून पाहा. चांगल्या शिकण्यासाठी संशोधक आज ज्या गोष्टी सांगतात, त्या सगळ्या त्यांच्या वाट्याला आल्या होत्या. पहिली, अनेक आवाज. रोज नवा रुग्ण, नवा विद्यार्थी, शेतकरी, सैनिक, म्हातारी. दुसरी, चूक तिथल्या तिथे कळणे. 'कुठे दुखते?' हे चुकीच्या सुरात विचारले तर रुग्णाच्या चेहऱ्यावर ते लगेच दिसते. तिसरी, गरज. आणि चौथी, समोर जिवंत माणूस. २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा वेळा मँडरिन बोलणाऱ्या माणसांबरोबर खेळवले. ती बाळे चिनी व्यंजने ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तीच माणसे, तेच शब्द पडद्यावर दाखवले; ती काहीच शिकली नाहीत. तो प्रयोग बाळांचा असला, तरी माणसाच्या सोबतीची ताकद त्यात दिसते. मोबाइलवर भाषा शिकवणारी साधने उपयोगी आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण त्यांच्या जोडीला बोलायला कुणीतरी हवे.

शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक निष्कर्ष मोलाचा आहे. टायलर पेराकिओन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की अनेक आवाजांचा सराव ज्यांचा कान सुराला मुळात तयार आहे त्यांना मानवतो. ज्यांचा तसा नाही, त्यांचा त्याने गोंधळ होतो. त्यांना आधी एकाच आवाजात शिकवले तर ती माणसे पुढे जातात. एकच पद्धत सगळ्यांवर लादली, की आपण काही जणांना 'याला जमणार नाही' असे ठरवून मोकळे होतो. न जमलेली गोष्ट पुष्कळदा आपल्या शिकवण्यातली असते.

आता आपल्या गावाकडे येतो. कळमेश्वर हे इटारसीच्या लोहमार्गावरचे गाव, संत्र्याच्या पट्ट्यातले, औद्योगिक वसाहतीचे. इथे बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगडहून माणसे पोटासाठी येतात. त्यांच्या तोंडी गावाच्या नावातला ळ हा ल होतो आणि आपण हसतो. आपल्याच भागात जुनी माणसे डोळ्याला 'डोया' म्हणतात, केळीला 'केयी', आणि शहरात गेल्यावर त्यांना कुणी हसले तर आपल्याला ते लागते. दोन्ही गोष्टी कानाच्या घडणीतून येतात. त्यात बुद्धीचा संबंध नाही, संस्कारांचा नाही. ज्या माणसाला आपण हसलो, तो तो आवाज पुन्हा काढायला धजत नाही, आणि सराव तिथेच थांबतो.

म्हणून माझी एक विनंती आहे आणि ती मी मनापासून करतो. या गावात प्रौढांसाठी संध्याकाळचा भाषेचा वर्ग सुरू व्हावा. बाहेरून आलेल्यांसाठी मराठीचा, आपल्या माणसांसाठी गोंडीचा, ज्याला हवी त्याच्यासाठी चिनीचा किंवा जपानीचा. वर्गात पहिले काही आठवडे फक्त ऐकणे असावे. रोज थोडा वेळ, पण रोज. सुरुवातीला एक आवाज, मग हळूहळू अनेक. चूक त्याच क्षणी दाखवावी आणि हसू नये. याला फार पैसा लागत नाही. शाळेची एक खोली आणि दोन-चार बोलणारी माणसे पुरेत. निवृत्त शिक्षकांनी यात पुढे यावे, कारण त्यांच्याकडे वेळ आहे आणि शिकवण्याचा हातही.

प्रौढ माणूस नवी भाषा शिकू लागला की त्याचा मेंदू खरोखर बदलतो, हे आता मोजून दाखवले गेले आहे. मुलाइतक्या सहजपणे तो शिकणार नाही. त्याचा परका हेल कदाचित जन्मभर राहील. पण त्याला दुसऱ्याचे दुःख दुसऱ्याच्या भाषेत ऐकता येईल. एका सोलापूरकर डॉक्टरने हे परक्या देशात, तोफांच्या आवाजात करून दाखवले. आपल्याला ते शांततेत, आपल्या गावात, आपल्या शेजाऱ्यासाठी करायचे आहे. ज्या शिक्षकाच्या नावाने आपण इथे जमलो, त्याच्या स्मृतीसाठी याहून योग्य काम मला दिसत नाही. ते याच वर्षी सुरू करा.